शक्तिमानची गंजलेली केबिन: पत्रा किती कापायचा, किती ठेवायचा?

खाडीकाठ:
गुहागरजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर जबलपूरला बनलेला जुना लष्करी शक्तिमान ट्रक उघड्यावर उभा आहे. चासी धड आहे, केबिन नाही. दोन्ही दारांखालचे उंबरे, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि काचेच्या चौकटीची खालची पट्टी, तिन्ही ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. छतावर आणि दारांवर वरवरचा गंज आहे. गॅरेजवाले म्हणतात, वरून पत्रा मारून लांबी (पुट्टी) भरू. केबिन उतरवून सगळीच ब्लास्टिंगला (हवेच्या दाबाने कण मारून गंज उडवायला) द्यावी का? आता फेब्रुवारी आहे, आगोटीपर्यंत, म्हणजे पावसाळा लागेपर्यंत, उरकेल का?

पत्रेकाम:
वरून पत्रा अजिबात मारू नका. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी ओढलं जातं, जुना गंज आत तसाच राहतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात लांबीला फुगे येतात. कुजलेला भाग कापून काढा, भोकाच्या कडेपासून निदान २५ मिमी पुढे, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत.

पण उंबरा कापण्याआधी दारं बिजागऱ्यांवर ठेवूनच केबिनला आतून २५ मिमीच्या चौकोनी पाइपाचे आडवे-तिरपे आधार टाका. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून खडूने तिथेच लिहा. उंबरा निघाला की केबिन बसते आणि कर्णात ३-४ मिमी फरक पडला तरी दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापा.

पत्र्याची जाडी अंदाजाने घेऊ नका, धड कडेवर व्हर्नियर लावा. १.२ मिमी भरला तर १८ गेजचा सीआरसीए (थंड लाटलेला मऊ पोलादी पत्रा) आणा. आर्कने, म्हणजे साध्या कांडीच्या वेल्डिंगने, हा पत्रा जळून भोकं पडतात. मिग (गॅसच्या आवरणात तारेने होणारं वेल्डिंग), ०.८ मिमी तार, १५-२० मिमीचे टाके, तेही एक या टोकाला, एक त्या टोकाला. सलग ओढलात तर पत्रा लाटेसारखा उठतो. जिथे मूळचा स्पॉट वेल्ड (ठिपक्यासारखा जोड) होता तिथे नव्या पत्र्याला ६-८ मिमीचं भोक पाडून ते वेल्डने भरा. जोडाच्या आतल्या बाजूला आधी वेल्डिंगचा झिंक प्रायमर लावा, नंतर तिथे ब्रश पोचणार नाही.

रंगारी_रत्नागिरी:
ब्लास्टिंग फक्त फ्लोअर, उंबरे आणि जाड कंसांना. छत आणि दाराचे सपाट पत्रे त्याने ताणून डब्यासारखे टणटण वाजायला लागतात. तिथे ग्राइंडरला स्ट्रिपिंग डिस्क लावा. वाळूने ब्लास्टिंग करू देऊ नका, ती धूळ फुफ्फुसं खाते. कॉपर स्लॅग किंवा गार्नेटचे कण मागा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासतानाही साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

खरी मेख मिठाची आहे. पत्रा पांढरा दिसला तरी खड्ड्यांत मीठ उरतं, ते हवेतली ओल ओढतं आणि प्रायमरखाली गंज सुरू होतो. म्हणून साफ केलेला पत्रा एक रात्र तसाच ठेवा. सकाळी जिथे काळपट, ओलसर ठिपके उमटतील तिथे मीठ आहे. ते गोड्या पाण्याने ब्रश मारून धुवा, वाळवा, पुन्हा ब्लास्ट करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी. नुसतं रेडॉक्साइड (नेहमीचा तांबडा प्रायमर) ओल आत घेतं. आतबाहेर २५ चौ. मी. धरले, लिटरला ७-८ चौ. मी. मिळाले, तर दोन हातांना ७ लिटर लागेल. सकाळी ११ ते ४ मध्येच मारा. हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा. लांबी इपॉक्सीच्या वर, खाली नाही. गंज मारणारं फॉस्फरिक ॲसिड वापरलंत तर ते सुकू न देता धुऊन काढा, नाहीतर इपॉक्सी पापडीसारखा सुटतो. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच, इपॉक्सी उन्हात भुरभुरतो.

खाडीकाठ:
विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. चालेल?

रंगारी_रत्नागिरी:
नाही. टँकरचं गोडं पाणी घ्या, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा.

पत्रेकाम:
मे अखेरीस वळवाच्या सरी येतात, त्यामुळे वेल्डिंग मार्चमध्ये आणि रंग एप्रिलमध्ये संपवा. उंबऱ्यांची पाणी जाण्याची मूळ भोकं रंगाने किंवा सीलरने बुजू देऊ नका, शेवटी त्यातूनच आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा. फ्लोअरवर रबरी मॅट टाका, पण खाली गोणपाट किंवा नमदा नको. फ्लोअर कुजतो तो बहुतेक त्यामुळेच.

आणि रंग ठरवताना एक बघा: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. रस्त्यावर काढणार असाल तर आत्ताच दुसरा रंग ठरवा.