तुमच्या भागातला मॉल : अनुभव धागा

खिडकीतली:
परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दुसरा मजला, लिफ्टमधून बाहेर आले आणि थबकलेच, अरे हे तर आपलं चपलांचं दुकान! म्हणजे जुन्या मॉलमध्येच दवाखाना निघालाय आणि मी मागच्या गेटने आल्यामुळे ओळखलंच नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे नुसतं गवत, पावसात रात्रभर बेडूक. मग पत्रे लागले, दोन वर्षं ठोकाठोक, आणि उघडला त्या दिवशी अख्खी कॉलनी लोटली, घ्यायचं काहीच नव्हतं, नुसतं एसीत फिरायचं. आता सरकत्या जिन्याला दोरी बांधलीये आणि वर काळोख. आई म्हणाली, इथेच तू हरवली होतीस ना. म्हटलं, मी नाही, तू हरवली होतीस. तुमचं पण लिहा.

भटकी:
सरकता जिना!!! बाबा म्हणाले आधी तू जा. मी वर पोचले तरी हे खालीच उभे, मागे ही रांग. शेवटी वॉचमनकाकांनी हात धरून चढवलं. वर आल्यावर म्हणतात, परत एकदा जाऊया का 😂

गाळा नं ४२:
नऊ वर्षं गाळा होता म्हणून बोलतो. गर्दी आमच्यासाठी येत नाही, ती मोठ्या दुकानासाठी येते (त्याला अँकर म्हणतात) आणि येताजाता आमच्याकडे डोकावते. म्हणून त्याला फुटामागे भाडं कमी आणि आम्हाला जास्त, वर मेंटेनन्स वेगळा, एसी लिफ्ट सफाई सगळं त्यात. आमचा अँकर गेला, मग थिएटर गेलं, मग खालची दुकानं पटापट. त्यात बिल्डरने गाळे सुटे विकलेले, जितके गाळे तितके मालक, छत गळतंय तर खर्च कोणी करायचा यावर चार महिने मीटिंगा. बादली मात्र माझी. ऑनलाइनला सगळे शिव्या घालतात, पण आम्ही त्याच्या आधीच आडवे झालो होतो.

झोपमोड:
बादली माझी 🤣 सॉरी, हसायला नको होतं

उंटावरचा:
मॉलची कल्पना ज्याची, त्या व्हिक्टर ग्रुएनचीही अशीच बादली झाली. व्हिएन्नाचा माणूस, नाझी आले तेव्हा १९३८ मध्ये अमेरिकेला गेला. १९५६ मध्ये मिनेसोटात एडिना या उपनगरात त्याचं साउथडेल उघडलं, पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असं पहिलं. त्याला आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाने हवे होते, लोकांना गावच्या चौकासारखी जागा. बांधणाऱ्यांनी दुकानं घेतली, पार्किंग घेतलं, बाकी सोडून दिलं. म्हातारपणी त्याने मॉलशी असलेलं नातंच नाकारलं.

खिडकीतली:
म्हणजे आता दवाखाना आलाय तर त्याच्या मनासारखं झालं म्हणायचं

दुपारची:
मला नाही बाई उमाळा येत. मॉल आला आणि रस्त्यावरचा शिंपी, स्टेशनरी, घड्याळवाले एकेक करत गेले, तेव्हा कोणी धागा काढला नव्हता. आता ऐका, मॉल ओस पडल्यावर भाडं उतरलं आणि तोच शिंपी तळमजल्यावर येऊन बसलाय, काचेच्या शोरूममध्ये, एकटाच मशीन घेऊन. दिवे सगळे लावत नाही, बिल येतं म्हणतो. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

टेकू:
आमचे सासरे रोज सकाळी मॉलमध्ये चालायला जातात, दुकानं उघडायच्या आधी. सपाट फरशी, कुत्री नाहीत, पाऊस नाही, दमले की बाक. त्यांचा आठ जणांचा ग्रुप आहे, एकाने तिथून आजवर रुमालसुद्धा घेतलेला नाही. बंद होणार अशी अफवा आली तर सगळ्यात जास्त टेन्शन यांनाच.
@खिडकीतली आईंचं मोतीबिंदूचं आहे का?

खिडकीतली:
हो गं, पुढच्या मंगळवारी उजवा डोळा.

टेकू:
आमच्या सासूबाईंचं झालं, थेंब मात्र वेळेवर घाला, मोबाइलमध्ये अलार्म लाव. आणि पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी नको म्हणतात, डॉक्टरांना विचारून घे.

झोपमोड:
पार्किंग तरी फुकट आहे का आता

गाळा नं ४२:
गाड्याच नाहीत, पावती कोणाची फाडणार