टक्सन शहर अमेरिकेपेक्षा जुनं कसं काय?

कंदीपेढा_सातारा:
भाचा ॲरिझोनात टक्सनला एमएस करायला गेलाय, काल व्हिडिओ कॉलवर म्हणत होता की मामा इथं शहराची स्थापना १७७५ सांगतात. आता अमेरिका स्वतंत्र झाली १७७६ ला, मग हे वसवलं कुणी? इंग्रज तर पार दुसऱ्या टोकाला होते ना? आणि वाळवंटात कोण कशाला गाव वसवेल. आपल्या साताऱ्याचं कसं सरळ आहे, शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याखाली वसवलं, विषय संपला. जरा इस्कटून सांगा कुणीतरी.

वाचनवेडा_सांगली:
इंग्रजांचा काडीचा संबंध नाही हो. मेक्सिकोसकट तो सगळा मुलूख स्पेनकडं होता. १७५१ मध्ये तिथल्या पिमा या मूळ रहिवासी लोकांनी बंड केलं, म्हणून पुढच्या वर्षी टक्सनच्या दक्षिणेला तुबाक इथं लष्करी ठाणं बसवलं, त्याला प्रेसिडिओ म्हणायचे. मग २० ऑगस्ट १७७५ ला ह्यूगो ओकॉनर नावाच्या अधिकाऱ्यानं ठाण्यासाठी टक्सनची जागा पक्की केली आणि १७७६ ला तुबाकची शिबंदी तिकडं हलली. हा ओकॉनर गडी आयरिश बरं का, नोकरी मात्र स्पेनच्या राजाची! तट कच्च्या विटांचा, तोही रखडलेला. मे १७८२ ला अपाचे या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीनं मोठा हल्ला केला तेव्हासुद्धा काम अर्धवटच होतं, पुढच्या वर्षी कुठं पुरं झालं.

माणदेशी_माणूस:
वरचं सगळं बरोबर, पण स्पॅनिश लोकांनी ओसाड माळावर गाव उभं केलं असं समजू नका. सांताक्रूझ नदीकाठी टेकडीच्या पायथ्याला ओओधम लोकांची, म्हणजे वर आलेल्या पिमांचीच, वस्ती आधीपासून होतीच, किनो नावाचा जेझुइट (एका कॅथलिक पंथाचा) पाद्री १६९० च्या दशकात तिथं पोचला तेव्हा ते पाटाच्या पाण्यावर शेती करत होते. त्या खोऱ्यात मक्याची शेती ४००० वर्षांपूर्वीची सापडलीय. म्हणजे १७७५ हे फौजेच्या ठाण्याचं वर्ष, गावाचं नव्हे. वाळवंटात का, तर पाणी होतं म्हणून. पुढं जमिनीतलं पाणी उपसून उपसून नदी कोरडी पाडली, हे माणच्या माणसाला वेगळं सांगायला नको 😅

आणि अपाचे कायम लढतच होते असंही नाही. १७८६ नंतर स्पॅनिश सरकार त्यांना शिधा द्यायला लागलं, १७९३ ला त्यांची एक टोळी ठाण्याजवळच राहायला आली.

कंदीपेढा_सातारा:
भारीच की. मग अमेरिकेकडं गेलं कधी, लढाईत का?

वाचनवेडा_सांगली:
विकत घेतलं! १८२१ ला मेक्सिको स्वतंत्र झाला, पुढं अमेरिका-मेक्सिको युद्ध झालं, त्याच्या १८४८ च्या तहात अमेरिकेनं निम्मा देश गिळला पण इकडं हद्द ठरली हिला नदी, त्यामुळं टक्सन मेक्सिकोतच राहिलं. मग दक्षिणेतून रेल्वे न्यायला सपाट रस्ता पाहिजे म्हणून १८५३ मध्ये सौदा झाला, शेवटी १ कोटी डॉलरला, गॅडस्डेन खरेदी म्हणतात त्याला. मेक्सिकोचे सैनिक १८५६ ला निघून गेले. गाववाल्यांना कुणी विचारलं नाही, घर तिथंच, देश बदलला. आणि ज्या रेल्वेसाठी एवढा खटाटोप केला ती आली कधी, तर १८८० ला.

माणदेशी_माणूस:
भाच्याला म्हणावं टक्सनजवळचं सान झेवियर देल बाकचं चर्च बघ, १७९७ ला पुरं झालं, अजून प्रार्थना चालते. जुन्या तटाचा शेवटचा तुकडा १९१८ ला पाडला, आता डाउनटाउनमध्ये त्याचा एक कोपरा नव्यानं बांधलाय. उन्हाळ्यात सकाळीच जा म्हणावं, दुपारी तिथं भाजून निघतं.