मदत हवी आहे: श्रीलंकेत आईच्या गुडघ्यांना झेपतील अशा पायवाटा

नमस्कार मंडळी. संक्रांत झाली की दहा दिवस श्रीलंका, गाडी आणि ड्रायव्हर घेऊन. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, गाल्ल आणि परत कोलंबो, असा ढोबळ बेत आहे. देवळं, खरेदी कमी. रोज एखादी छोटी, बघण्यासारखी पायवाट हवी.

अडचण आईची. वय ६८. रोज सकाळी आमच्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात दोन फेऱ्या सहज मारते, पण परवा राजहंसगडावरून उतरताना पायरी पायरीला माझ्या खांद्यावर हात. चढायला काही नाही ओ, उतार नडतो. वर "मी बसते हितं, तुम्ही या जाऊन" हे तिचं ठरलेलं. तिला सोडून जायचं नाही म्हणूनच विचारतोय.

सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याच्या सुमारे १२०० पायऱ्या बाद. गाल्लच्या किल्ल्याची तटबंदी संध्याकाळी नक्की. एल्लाचा नऊ कमानींचा पूल बघायचाच आहे, पण रस्त्यापासून खाली उतरायची वाट कितपत घसरडी आहे? लिटल ॲडम्स पीकला चहाच्या मळ्यातून अर्ध्यापर्यंत जाऊन परतलं तर मजा येते का? हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानातली नऊ किलोमीटरची फेरी आईला जमणार नाही. तिथल्या वर्ल्ड्स एंडच्या कड्यापर्यंत जाऊन त्याच वाटेनं परत आलेलं कुणी आहे काय?

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनीच सांगा की. आणि सोबत नेलेला कुंदा (आमची बेळगावची दुधाची मिठाई) तिकडच्या दमट हवेत किती दिवस टिकेल, तेही.