‘एस्टॅब्लिशमेंट ऑफ रिलिजन’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार: अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीचे भाषांतर करताना ‘धर्मस्थापनेसंबंधी काँग्रेस (तिथली संसद) कायदा करणार नाही’ असे लिहिले, तर वाचकाला गीतेतील ‘धर्मसंस्थापनार्थाय’ आठवते आणि तिथे नवा धर्म काढायला बंदी आहे की काय, असा भलताच अर्थ निघतो. मूळ लेख टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात १९६१ मध्ये उभारलेल्या, बायबलमधील दहा आज्ञांच्या शिळेविषयी आणि ती हटवण्यासाठी झालेल्या खटल्याविषयी आहे.

मोडीप्रेमी: ‘राजमान्य धर्म’ म्हणावे. इंग्लंडचा राजा आजही तिथल्या चर्चचा प्रमुख आहे आणि २६ बिशप उमरावांच्या सभागृहात बसतात. अमेरिकेला नको होती ती हीच सोयरीक.

परदेशस्थ: परंतु टेक्सासने ख्रिस्ती धर्माला राजमान्य ठरवले, असे तर वादीचेही म्हणणे नव्हते, सरकारी जागेत एका धर्माच्या आज्ञा उभ्या राहाव्यात का, एवढाच प्रश्न होता. म्हणून जागा, पैसा आणि मान या तिन्हींना कवेत घेणारा ‘राजाश्रय’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो.

मोडीप्रेमी: राजाश्रय गवयांना आणि पहिलवानांनाही मिळत असे, तेवढ्याने घटनाभंग होत नाही.

जुना वाचक: आपण त्या दगडाला शिळा म्हटलेत, हे उत्तम केले. बातम्यांत सरसकट ‘स्मारक’ छापतात, आणि तिथेच निम्मा निकाल लागून जातो, कारण स्मारक कोणाचे तरी असावे लागते. मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्गचा चाळीस फुटी क्रूस पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४९ सैनिकांचा आहे, म्हणून त्याला स्मारक म्हणता येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राहू दिला, तेव्हा तो स्मारक आहे, याच बाजूला वजन मिळाले. दहा आज्ञा कोणाच्या स्मरणार्थ?

परदेशस्थ: तरीही २००५ मध्ये त्याच न्यायालयात टेक्सासची शिळा पाच विरुद्ध चार मतांनी राहिली, आणि त्याच दिवशी, तितक्याच मतांनी, केंटकीच्या न्यायालयीन इमारतींतील दहा आज्ञांच्या तसबिरी घटनाबाह्य ठरल्या. दोन्हीकडे बहुमतात असलेले एकमेव न्यायमूर्ती ब्रायर यांनी टेक्सासच्या शिळेविरुद्ध चाळीस वर्षे कोणी तक्रार केली नव्हती, याला महत्त्व दिले. शब्द काहीही वापरा, निकाल संदर्भावर लागतो.

शुद्धलेखक: मुळात ‘रिलिजन’ला ‘धर्म’ म्हणणेच चूक आहे. आपल्याकडे शेजारधर्मही असतो. इथे ‘पंथ’ हवा. भारताच्या घटनेच्या हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहेच.

जुना वाचक: मराठी पाठात मात्र ‘धर्मनिरपेक्ष’ आहे. शिवाय मराठीत पंथ म्हटले की वारकरी, महानुभाव आठवतात. ख्रिस्ती धर्माला पंथ म्हटल्यास कॅथलिक आणि बॅप्टिस्ट यांना काय म्हणणार?

शुद्धलेखक: उपपंथ.

भाषांतरकार: ‘उपपंथांचा राजाश्रय’ असे लिहून संपादकांकडे पाठवू का?

मोडीप्रेमी: ‘राजमान्य’वर मी ठाम आहे.