नुसत्या घनतेवरून हायड्रोजन बंध ‘सिद्ध’ होतो का?

कोथरूडकर
परवा पुण्यातल्या एका महाविद्यालयात एमएस्सीचे प्रकल्प तपासायला गेलो होतो. सहापैकी चार एकाच साच्यातले. एक अल्कोहोल, एक एस्टर (आम्ल आणि अल्कोहोलपासून बनणारं संयुग), तीन तापमानांना घनता, व्हिस्कॉसिटी (द्रवाचा वाहण्याला विरोध) आणि ध्वनीचा वेग. शेवटचं वाक्यही ठरलेलं: ‘यावरून दोन्ही रेणूंमध्ये तीव्र हायड्रोजन बंध असल्याचे सिद्ध होते.’ (हायड्रोजन बंध म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजनसारख्या अणूची ओढ.) हे वाक्य लिहूच देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

इथेनॉल हे अल्कोहोल आणि इथाइल अ‍ॅसिटेट हा एस्टर घ्या. मिसळल्यावर आकारमान किंचित वाढतं, मिश्रण गार पडतं, व्हिस्कॉसिटी सरासरीच्या खाली येते. म्हणजे इथेनॉलच्या रेणूंची आपसातली साखळी तुटली आणि एस्टरशी जे जुळलं त्यानं ती तूट भरून निघाली नाही. एस्टरकडे द्यायला हायड्रोजन नाहीच, तो फक्त ऑक्सिजन पुढे करतो. नवा बंध होतो, नाही म्हणत नाही. पण आपण मोजतो ती वजाबाकीनंतरची शिल्लक. शिल्लक बघून जमा किती हे कसं सांगणार?

बाष्पदाब
सर, वाक्य चुकीचं, मान्य. पण त्यासाठी प्रयोगाला नावं ठेवू नका. मी १४ वर्षं हेच शिकवते. ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी मिळून १०० होत नाही, ९६-९७च भरतं, हे पाहून मुलं चकित होतात. मग तेच इथेनॉल एस्टरमध्ये ओतलं की चिन्ह उलटं! रेणूंची वागणूक बदलली हे त्यांना स्वतःच्या हातानं कळतं.

कोथरूडकर
@बाष्पदाब, मॅडम, पाण्याचं ठीक, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. एस्टरमध्ये सगळा परिणाम आकारमानाच्या ०.२ टक्क्यांच्या आसपास. तापमान एका अंशानं हललं तरी घनता साधारण ०.००१ ग्रॅम प्रति मिलीनं बदलते, म्हणजे त्या परिणामाचा मोठा भाग तिथेच गेला. पुण्याच्या मे महिन्यात, साध्या वॉटर बाथवर, पिक्नोमीटरनं (घनता मोजायच्या ठरावीक मापाच्या बाटलीनं)? वर रेडलिच-किस्टर समीकरण बसवायचं. १९४८ पासून ते वक्र जुळवायला उत्तम आहे, पण त्याच्या सहगुणकांना रेणूंच्या पातळीवर काही अर्थ नाही.

बाष्पदाब
मग बाथ सुधारा. ०.०१ अंशापर्यंत तापमान धरायला शिकणं हेच तर शिक्षण!

कुरकुंभ_शिफ्ट
मी कारखान्यातला माणूस, दोघांनाही एक सांगतो. बंध तीव्र की मंद, आमचं त्यावाचून अडत नाही. आकडे नसले तर अडतं. इथाइल अ‍ॅसिटेट उकळतं ७७ अंशांना, इथेनॉल ७८ ला, आणि दोघांचं मिश्रण ७२ च्या जरा खालीच एकत्र निघतं, वजनानं ३१ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल घेऊन. नुसत्या उर्ध्वपातनानं त्यापुढे वेगळं होत नाही. टॉवर, पंप, कंडेन्सर सगळं अशाच मोजमापांवर ठरतं. कुणीतरी कंटाळा न करता मोजलं म्हणून आमचं काम चालतं.

कोथरूडकर
@कुरकुंभ_शिफ्ट, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. आकडे द्या, अनिश्चितता लिहा, थांबा.

एमएस्सी_भाग२
सर, मी असाच प्रकल्प केलाय आणि ते वाक्यही लिहिलंय. मार्गदर्शकांनी आधीच्या प्रबंधातून उतरवायला सांगितलं होतं. विभागात आयआर (अवरक्त वर्णपट घेणारं) यंत्र आहे, पण आमची पाळी आलीच नाही.

कोथरूडकर
@एमएस्सी_भाग२, तुझी चूक नाही रे. एस्टर तसाच ठेव आणि अल्कोहोल वाढवत जा. आयआर वर्णपटात एस्टरमधल्या कार्बोनिल (C=O) गटाची १७४० cm⁻¹ च्या आसपासची पट्टी बघ. तिला कमी आकड्याच्या बाजूला खांदा (चिकटून आलेला छोटा उंचवटा) फुटून वाढत गेला, तर बंध आहे असं बिनधास्त लिही.

बाष्पदाब
@एमएस्सी_भाग२, आणि नमुने करताना आधी अल्कोहोल तोल, मग एस्टर. तो पटकन उडतो, बाटलीचं बूच लगेच लाव. नाहीतर मोल-अपूर्णांकच (मिश्रणातलं रेणूंचं प्रमाण) चुकेल आणि सरांच्या खांद्याचाही उपयोग होणार नाही.