आईचा मुक्काम (घरचा ग्रुप)

ताई: आले वृद्धाश्रम पाहून. बुटीबोरीच्या अलीकडे, हायवेपासून दीड किलोमीटर आत. फोटो टाकलेत, पण फोटोवर जाऊ नका, बाग सगळ्यांचीच छान असते. 18 हजार महिना, डिपॉझिट 2 लाख. दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, कपडे धुणं त्यातच. डॉक्टर आठवड्यातून एकदा. फिजिओथेरपीचे वेगळे, डायपरचे वेगळे, माणूस लावला तर त्याचे वेगळे.

दादा: म्हणजे 18 चे 25 धरून चला.

मामा: पोरी, न्हाणी पाह्यली का? पडली तं ते न्हाणीतच होती.

ताई: आधी तीच पाहिली मामा. फरशी खरबरीत आहे, कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे आहेत, उंबरा नाही. बेलची दोरीही आहे. पण पुसताना ओली होते म्हणून झाडणारीनं ती गुंडाळून वर नळाला बांधून ठेवलेली! पडलेलं माणूस खाली असतं, त्याचा हात तिथवर कसा जाणार? मी सोडली आणि ओढली. मोबाइलवर वेळ लावला. 6 मिनिटांनी एक मुलगी आली, तीही धावत, बिचारी. हे दिवसा. रात्री 22 खोल्यांना ती एकटीच.

वहिनी: ताई, गावात आई अडीच तास पडून होत्या. दूधवाला आला म्हणून कळलं.

ताई: हो वहिनी. ते आहेच.

मी: उद्या अंथरुणाला खिळली तर ठेवतात का? करारात काय आहे?

ताई: 'स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी' असं लिहिलंय. विचारलं तर मॅनेजर म्हणे, तेव्हा पाहू. मी म्हटलं, 'तेव्हा पाहू' हेच लेखी द्या, तर हसले. विसरायला लागलेल्यांना तर घेतच नाहीत, त्यांच्यासाठी शिकवलेली माणसं लागतात, ती यांच्याकडे नाहीत.

दादा: आयुष्मान वय वंदना कार्ड आहे ना तिचं? 70 च्या वर सगळ्यांना 5 लाख.

मी: दादा, ते दवाखान्यात भरती झाल्यावर. राहण्याखाण्याचे नाही मिळत त्यातून.

दादा: मग बरडावरचे 2 एकर माझ्या नावानं करून द्या, महिन्याचे मी भरतो.

मामा: भरजो बापा. पण बक्षीसपत्र करायचंच असन तं त्यात लिहून घेजा, का हा तिचा खर्च पाहीन. म्हाताऱ्या मायबापाईसाठी 2007 चा कायदा हाय, कलम 23. अट लिहिली असन अन् मोडली, तं एसडीओकडं, म्हंजे प्रांत सायबाकडं, जाऊन रद्द करता येते.

दादा: मामा, मी काय पळून चाललो का?

मामा: नाई रे. तरी लिहून घेजा.

वहिनी: आईंना कोणी विचारलं का?

ताई: काल रात्री विचारलं. व्हॉइस नोट वर आहे, ऐकायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी लिहिते. "जाईन मी, मले कायचं भेव? इथं बी एकटीच हाय. पण तुरी निंघाल्यावर. अन् तिथं भाकर देते का पोळी? पंधरा दिस पाहीन, नाई जमलं तं एस्टीनं येईन वापस. मले तं तिकीटच नाई लागत."

मी: 😄 75 झाल्यापासून एस्टी तिच्या बापाची आहे. भाकरी देतात का पण?

ताई: बुधवारी अन् रविवारी. बाकी दिवस पोळी. वरण असं अळणी की मी लोणचं मागितलं. एका आजोबांसमोर ठेच्याची बरणी होती, झाकणावर खोलीचा नंबर. म्हणजे घरचं चालतं.

वहिनी: ठेचा मी देईन करून.

दादा: 15 दिवसांचे किती?

ताई: 11 हजार, डिपॉझिट नाही. जानेवारीच्या शेवटी खोली रिकामी होते.

मामा: तोपर्यंत ते त्याच न्हाणीत आंघोळ करन ना? आधी तिथं दांडा बसवा.

मी: मी शनिवारी येतो. आर्वीत गवंडी मिळेल?

मामा: गवंडी माह्यापाशी हाय. तू दांडा आणजो, स्टीलचा, हलका नको. अन् भिंत मातीची हाय, खिळा धरत नाई. विटांचा खांब काढा लागन, दोन दिस धरजो.