लास वेगासजवळ आईबाबांसोबत डोंगरात कुठे चालता येईल?

दांडियाबाजारकर, वडोदरा
डिसेंबरात भावाकडे लास वेगासला जातोय. कॅसिनोत आम्हा कुणालाच रस नाही. बाबा अजून पावागड माचीपासून पायी चढतात, रोपवेचं नाव काढू देत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, पण तिला घरी बसवून आम्ही भटकायचं हे मला पटत नाही. कुठे जावं?

वाटसरू
रेड रॉक कॅनियन, डोळे झाकून. स्ट्रिपपासून (कॅसिनोंचा मुख्य रस्ता) गाडीने अर्धा तास. बाबांना 'कॅलिको टँक्स' करू द्या: जाऊन-येऊन साधारण 4 किलोमीटर, तांबड्या खडकांवरून, मध्येमध्ये हात टेकत. शेवटी दगडात पावसाचं पाणी साचलेलं कुंड, आणि थोडं पुढे गेलं की खाली अख्खं शहर. काकूंना तिथे नेऊ नका. ऑक्टोबर ते मे आत शिरायची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, ती आजच बघा.

सयाजीगंज_ताई
आईंसाठी हूवर धरणाजवळची जुनी रेल्वेची वाट! धरण बांधताना सामान न्यायला रूळ टाकले होते. आता रूळ नाहीत, पाच मोठे बोगदे आहेत. जवळजवळ सपाट, बाजूला लेक मीड. माझ्या सासूबाई काठी घेऊन आरामात चालल्या.

दांडियाबाजारकर
ताई, हेच हवं होतं! माउंट चार्ल्स्टनही करावा का?

वाटसरू
शिखर 3,632 मीटर, डिसेंबरात बर्फ. बाबा कितीही म्हणाले तरी नको. त्याऐवजी व्हॅली ऑफ फायर, तांबड्या खडकांचं उद्यान. उन्हाळ्यात तिथे भाजून निघतं, तुमचे दिवस उत्तम आहेत. पाणी मात्र भरपूर न्या.